आहार सुधारायला घेतला की अंगातली ताकद का जाते: थकव्याच्या वेळेवरून कारण शोधणे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आहार सुधारण्याचे संकल्प बहुधा दोन वेळा होतात: दिवाळीचा फराळ संपल्यावर आणि उन्हाळ्यातल्या यात्रांची जेवणे आटोपल्यावर. दोन्ही वेळी पुढे घडते ते सारखेच असते. पहिले तीन दिवस उत्साहात जातात, चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढताना मांड्या भरून येतात, सकाळी अकराच्या सुमारास डोके जड होते, दुपारी चारला डोळे मिटू लागतात आणि घरातले वडीलधारे "तोंड बघ कसं उतरलंय, खाऊन घे की जरा" असे म्हणू लागतात. आठवड्याभरात संकल्प मोडतो, काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा नेमका त्याच जागी अडतो.

खाणे कमी झाले म्हणून ताकद गेली, असे या थकव्याचे एकच कारण सगळे सांगतात. ते खरे असू शकते, परंतु पहिल्या आठवड्यात तरी सहसा ते एकमेव कारण नसते, आणि म्हणूनच केवळ जास्त खाऊन किंवा केवळ मन घट्ट करून ही अडचण सुटत नाही. थकवा कोणत्या दिवशी सुरू झाला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, या दोन गोष्टी पाहिल्या तर त्यामागचे कारण पुष्कळदा घरच्या घरी ओळखता येते. त्यासाठी आठवडाभर एका वहीत चारच गोष्टी टिपाव्यात: थकवा किती वाजता आला, त्याआधी शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले, दिवसभरात चहा किती झाला आणि रात्री झोप किती लागली. पुढचे सगळे या वहीच्या आधारानेच पाहायचे आहे.

आधी कोणी थांबावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशी औषधे चालू असतील आणि खाणे कमी केल्यावर हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड किंवा गोंधळल्यासारखे होणे सुरू झाले, तर तो आहाराचा थकवा समजू नये. औषध पूर्वीच्या जेवणाच्या मापाचे आणि जेवण मात्र अर्धे, अशी ती स्थिती असते. ग्लुकोमीटरवर साखर 70 च्या खाली दिसली, किंवा यंत्र हाताशी नसताना लक्षणे स्पष्ट असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि औषधाचा डोस त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावा. डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध चालू असणाऱ्यांनी भात-भाकरी एकदम बंद करणे धोक्याचे आहे. त्या औषधाबरोबर कर्बोदके फार कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचेही माप वजन उतरू लागले की बदलावे लागू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कॅलरी मोजून कमी करण्याच्या वाटेलाच जाऊ नये. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा काळी शौचास होणे यांपैकी काहीही असेल, तर वही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

पहिले चार-पाच दिवस: चहा, मीठ आणि पाणी

पहिल्या दोन दिवसांतच डोके दुखू लागले असेल तर संशय आधी चहावर घ्यावा. साखर सुटावी म्हणून आपल्याकडे सरसकट चहाच बंद केला जातो. उठल्यावर एक, दहा वाजता एक, दुकानात किंवा कचेरीत कोणी आले की एक आणि संध्याकाळी एक असे चार-पाच कप घेणाऱ्या शरीराला कॅफीनची सवय झालेली असते. ते अचानक थांबले की 12 ते 24 तासांत डोकेदुखी, चिडचिड आणि झोपाळूपणा सुरू होतो, एक-दोन दिवसांत तो शिगेला पोहोचतो आणि कधी कधी नऊ दिवसांपर्यंत रेंगाळतो. संकल्प मोडण्याचा नेमका हाच काळ असतो, आणि दोष मात्र कमी जेवणाला दिला जातो. दोन चमचे साखर घातलेल्या चार कपांतून दिवसाला सुमारे 40 ग्रॅम साखर, म्हणजे 160 कॅलरी जातात; घटवायची ती साखर. चहा तसाच ठेवून साखर अर्ध्यावर आणावी, आणि कपच कमी करायचे असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा.

दुसरा संशय मिठावर. पथ्य म्हणजे अळणी, हा समज आपल्याकडे घट्ट आहे, त्यामुळे जेवण कमी करताना लोणचे, पापड, खारातली मिरची आणि चटणीही त्याच दिवशी ताटातून जाते. कर्बोदके एकदम कमी झाली की रक्तातले इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकू लागतात. दोन्हीकडून मीठ घटल्यामुळे बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि उभे राहून स्वयंपाक करणे किंवा गिऱ्हाईक करणे नकोसे होते. रक्तदाबाचे यंत्र असेल तर पाच मिनिटे आडवे पडून एकदा आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावे. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर कारण पोटात नसून रक्तदाबात आहे. अशा वेळी दुपारी मीठ-जिरे घातलेले ग्लासभर ताक पुष्कळ काम करते. निरोगी माणसाला दिवसाचे मीठ 5 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, चालते. ते शून्यावर आणण्याचे कारण नसते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पाण्याचा मुद्दा लहान असला तरी आपल्या भागात तो विशेष लागू पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, पावसाळ्यात आणि थंडीत तहान फारशी जाणवत नाही, आणि जेवण कमी झाले की आमटी, भात, भाजी यांतून नकळत पोटात जाणारे पाणीही कमी होते. लघवी गडद पिवळी दिसत असेल तर पुढचे काही तपासण्याआधी पाणी वाढवावे.

जिना चढतानाचा मांड्यांचा जडपणा ही यांहून वेगळी बाब आहे. यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन म्हणून कर्बोदकांचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे घटले की हा साठा आधी वापरला जातो. पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो उतरलेले दिसतात त्यातला बराच भाग या पाण्याचा असतो, आणि चढ-उताराच्या कामाला लागणारे स्नायूंचे इंधनही त्याबरोबर कमी झालेले असते. भात किंवा भाकरी थोडी कमी केली असेल तर हा जडपणा आठ-दहा दिवसांत आपोआप बसतो. भात आणि भाकरी दोन्ही पूर्ण बंद केली असेल तर त्याला फार वेळ लागतो. कष्टाचे काम करणाऱ्याने ती वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अकरा वाजता आणि चार वाजता

पाचव्या दिवसानंतर थकवा दिवसभर न राहता ठरावीक वेळी येऊ लागला असेल, तर त्याआधीचे खाणे पाहावे. अकराला गळून जाणाऱ्यांच्या वहीत सकाळी लिंबू-मध-पाणी आणि फार तर पपईची एक फोड लिहिलेली आढळते. खानापूरहून सकाळच्या गाडीने बेळगावला येणारा किंवा उद्यमबागेत पहिल्या पाळीला उभा राहणारा माणूस रात्री आठला जेवलेला असतो. त्याच्यासाठी अकरा म्हणजे पंधरा तासांचा उपास झाला. नुसते पोहे किंवा उप्पीट खाऊनही काहींना दोन-अडीच तासांत भूक लागते, कारण त्यात प्रथिने अगदी थोडी असतात. त्याच पोह्यांचे माप निम्मे करून सोबत वाटीभर मोडाची मटकी किंवा दोन उकडलेली अंडी घेतली, तर कॅलरी फारशा वाढत नाहीत आणि पोट एक वाजेपर्यंत साथ देते.

चारच्या झोपेबद्दल मात्र आहाराला सरसकट दोष देऊ नये. दुपारी शरीर मंदावणे हा निसर्गक्रम आहे आणि पोटभर जेवणाऱ्यालाही तो चुकत नाही. आहार बदलण्यापूर्वीही तुम्हाला चारला पेंग येत होती का, हे आधी स्वतःला विचारावे. येत असेल, तर मूठभर फुटाणे आणि एक कप चहा यापलीकडे काही करण्याची गरज नाही.

ताटातून नेमके काय गेले

माझ्या मते या सगळ्या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. आपल्याकडचे जुने ताट घ्या: जोंधळ्याची भाकरी, मसुराची किंवा हुलग्याची आमटी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, शेवटी दही किंवा ताक. यात जास्त होते ते तेल, भाताचा दुसरा वाढा आणि जेवणानंतरचा कुंदा, म्हणजे आपल्याकडची दुधाची मिठाई. डाएट सुरू झाले की कुंदा जातोच, पण त्याबरोबर भाकरी जाते, शेंगदाणे "तेलकट" म्हणून जातात, दही-ताक "थंड" म्हणून जाते, आणि त्यांच्या जागी सूप, काकडी आणि फळांची वाटी येते. सकाळी मधाचे पाणी, नंतर पपई, दुपारी दोन कोरडे फुलके, भाजी, कोशिंबीर, संध्याकाळी सफरचंद आणि रात्री भाज्यांचे सूप असा दिवस काढला, तर सगळे मिळून 600 कॅलरींच्या आसपास आणि प्रथिने 15 ग्रॅमच्या आसपास भरतात. दिवसाला 800 कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. सूप पिणाऱ्या माणसाला आपण त्या मर्यादेच्याही खाली गेलो आहोत, याची कल्पना नसते.

प्रथिनांचा हिशेब साधा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली ठरवलेल्या मानकांनुसार 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला 46 ग्रॅम प्रथिने लागतात. कॅलरी कमी करताना ही गरज कमी होत नाही; उलट प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि अशक्तपणा महिनोन्‌महिने राहतो. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि 335 कॅलरी असतात. कच्च्या मसुरात 24 ग्रॅम, हुलग्यात 22 ग्रॅम आणि शेंगदाण्यात 24 ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात, फक्त शेंगदाण्यात कॅलरी 500 हून अधिक असल्यामुळे तो मुठीने नव्हे, चमच्याने मोजावा. एका अंड्यात सहा ग्रॅम. आमटी किती घट्ट आहे, यावर मात्र सारे अवलंबून असते: माणशी 30 ग्रॅम डाळ पडली तर सात ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि चार माणसांना मूठभर डाळ घालून पातळ केलेल्या आमटीत दोन-तीन ग्रॅमही येत नाहीत. भातकापणीनंतर आपल्या शिवारात मसूर, वाटाणा, हरभरा होतो. प्रथिनांसाठी डबाबंद पावडर आणण्यापूर्वी घरातली आमटी दाट करून पाहावी. रेशनच्या तांदळामुळे दोन्ही वेळा भातच होणाऱ्या घरांत तर हे अधिकच आवश्यक आहे.

मोबाइलवरच्या कॅलरीच्या ॲपविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यातली "रोटी" म्हणजे लहान फुलका असतो. आपल्या घरची भाकरी त्याच्या दुप्पट-तिप्पट पिठाची असते. एक किलो पिठाच्या किती भाकऱ्या होतात, ते घरात विचारून भागाकार करावा. चौदा होत असतील तर एका भाकरीत 70 ग्रॅमच्या आसपास पीठ आणि 240 कॅलरी झाल्या. या मोजणीअभावी कोणी नकळत जास्त खातो, तर कोणी ॲपमधले पराठ्याचे आकडे भाकरीला लावून घाबरतो आणि अर्ध्या भाकरीवर उठतो.

तूट किती असावी

ताट भरलेले असूनही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसभर सारखीच मरगळ, थंडी वाजणे, चिडचिड आणि सतत खाण्याचेच विचार सुरू झाले असतील, तर तूट, म्हणजे गरजेपेक्षा जितक्या कॅलरी कमी खाल्ल्या जातात ते माप, मोठी आहे. वर सांगितलेल्या मानकांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज 2110 कॅलरींची आणि स्त्रीची 1660 कॅलरींची धरली आहे. मध्यम कष्टाच्या कामाला हेच आकडे 2710 आणि 2130 होतात, आणि जड कामाला 3470 व 2720. खडेबाजारातल्या दुकानात गल्ल्यावर बसणारा आणि फाउंड्रीत साचे उचलणारा हे दोघेही आहाराचा एकच तक्ता भिंतीवर लावून 1500 कॅलरींवर राहू लागले, तर पहिल्याला तो जमेल आणि दुसरा आठवड्यात आडवा होईल. पेरणी, लावणी, ऊसतोड यांच्या दिवसांत तर हा उद्योग पुढे ढकललेलाच बरा. गरजेपेक्षा 300 ते 500 कॅलरी कमी आणि आठवड्याला सुमारे अर्धा किलो घट, यापलीकडे घाई करू नये. स्त्रियांनी 1200 आणि पुरुषांनी 1500 च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये.

मोठ्या तुटीचे परिणाम प्रयोगानेही पाहिले गेले आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944 साली सुरू झालेल्या प्रयोगात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले गेले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश उतरले, आणि त्याबरोबर थकवा, थंडी, उदासी आणि अन्नाचा ध्यास त्यांना जडला. ती मुले मनाने कच्ची नव्हती. शरीर खर्च कमी करण्यासाठी माणसाला बसवून ठेवते. आपल्याकडेही तूट वाढली की माणूस नकळत कमी चालतो, कमी बोलतो, पायरीवर टेकतो, आणि मग वजनही उतरेनासे होते.

येथेच उपवासांचा प्रश्न येतो. सोमवार, संकष्टी, एकादशी यांपैकी दोन उपवास एका आठवड्यात आले, की उरलेल्या दिवसांच्या कमी जेवणावर त्यांची भर पडते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी असेल तर तिच्यात जवळजवळ सगळा पिष्टमय पदार्थ आणि तेल. साबुदाण्यात प्रथिने नावापुरती. मग रविवारी मटणाचा रस्सा आणि चार वाट्या भात होतो, सोमवारी पश्चात्तापाने पुन्हा उपास. अशा आठवड्याची सरासरी तूट ठीक दिसते, तरी माणूस तीन दिवस थकलेला आणि एक दिवस सुस्तावलेला असतो. उपवास सोडा, असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी दही, दूध, शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात घ्यावा. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात पिकणारी रताळी तुपात तळण्याऐवजी उकडून घ्यावीत. आणि उपवासाचा दिवस हाच त्या आठवड्यातला कमी खाण्याचा दिवस मानून बाकीचे दिवस पूर्ण जेवावे.

तीन-चार आठवडे उलटूनही थकवा गेला नाही तर

येथे आहाराशी खेळत बसू नये, रक्त तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आहार बदलण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक स्त्रियांची बाजू लंगडी असते, आणि कमी जेवणाने ती उघडी पडते. हिमोग्लोबिन स्त्रियांत 12 च्या आणि पुरुषांत 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. त्याबरोबर थायरॉइडसाठी टीएसएच, आणि शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असाल तर बी-12 पाहावे. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते; पालेभाजीवर किंवा हुलग्याच्या माडग्यात लिंबू पिळल्याने ते वाढते. लोहाच्या गोळ्या मात्र अहवाल पाहूनच सुरू कराव्यात.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ज्या दिवशी जेवण कमी केले त्याच दिवशी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर धावण्याच्या फेऱ्या सुरू करू नयेत. पहिले दोन आठवडे नेहमीचे चालणे पुरे आहे. आणि पहाटे साडेचारला उठून फिरायला जाण्यासाठी झोप पाच तासांवर आली असेल, तर त्या थकव्याला ताटातला कोणताही बदल पुरणार नाही.

शेवटी दुरुस्तीच्या क्रमाविषयी. एकाच दिवशी चहा परत सुरू केला, भाकरी वाढवली, अंडी आणली आणि मीठही घातले, तर बरे वाटेल, पण कशाने वाटले ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी अडचण पुन्हा तीच येईल. म्हणून आधी चहा, पाणी व मीठ, मग सकाळचे खाणे, मग आमटी-उसळ-दह्याचे प्रमाण, मग एकूण कॅलरी, असे एकेक बदलावे आणि प्रत्येकाला तीन-चार दिवस द्यावेत. एवढे करूनही मरगळ राहिली आणि रक्ताचे अहवाल चांगले आले, तर दोन आठवडे वजन कमी करण्याचा नाद सोडून गरजेएवढे पूर्ण जेवावे, वजन स्थिर राहू द्यावे, आणि नंतर पूर्वीच्या निम्मीच तूट ठेवून, म्हणजे दुपारची अर्धी भाकरी किंवा रात्रीचा भाताचा दुसरा वाढा एवढेच कमी करून, पुन्हा सुरुवात करावी.